घाण्याचे तेल आणि अब्बांची गोळी



या महिन्यात मुलांच्या सहामाही परीक्षेच्या तयारीबद्दल लिहायचे ठरवले होते. ते पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह. मध्येच आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि ती आधी सांगावी असे वाटले, कारण तशीच गोष्ट तुमच्याही घरात चालू असू शकते आणि तुम्हाला पत्ताही नसेल.

रविवारी कपाट आवरताना अब्बांच्या औषधांचा डबा हातात आला. अब्बा म्हणजे माझे सासरे, वय 71. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या नसेत जाळी बसवली आहे. तेव्हापासून रोज तीन गोळ्या आहेत. एक रक्तदाबाची, एक रक्तातली चरबी कमी ठेवण्याची आणि एक रक्तात गुठळी होऊ न देणारी. डबा जरा जड लागला. शिक्षिकेला मोजायची खोड असते. मोजल्या तर 22 दिवसांच्या गोळ्या जास्त निघाल्या.

अब्बा अंगणात पेपर वाचत बसले होते. विचारले तर अजिबात लपवले नाही. उलट खुशीत म्हणाले, “बेटा, करडी का तेल नसां खोलता बोलते. घाने का लाया ना मैं, अब गोल्यां काय को?”

मग सगळा उलगडा झाला. असरच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर चार बुजुर्ग बसतात. त्यांच्यातल्या कोणीतरी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली होती. लाकडी घाण्याचे तेल 40 दिवस खा, नसांमधली चरबी विरघळते, जाळी घातलेली असली तरी गोळ्यांची गरज उरत नाही, असे त्यात एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते. अब्बा गावाकडे गेले तेव्हा पाच लिटरचा डबा घेऊन आले. तेल सुरू केले आणि त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. अम्मींना माहीत होते. त्यांनाही ते पटले होते.

संध्याकाळी दवाखान्यात नेले. रक्तदाब 180 वर 104. डॉक्टर रागावले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. म्हणाले, “चाचा, तेल चांगलं आणलंत, खुशाल खा. पण गोळीचं काम गोळीच करते. जाळीत गुठळी झाली तर तेल काय करणार?” मला बाजूला घेऊन मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले की जाळी बसवलेल्या माणसाने न विचारता गोळी थांबवणे म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याला बोलावणे. अल्हम्दुलिल्लाह, आमचे थोडक्यात निभावले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि रक्तदाब आता जाग्यावर आहे.

पण घरी आल्यावर अब्बा गप्प गप्प राहू लागले. त्यांना वाटले, सुनेने आपल्या तेलाला खोटे ठरवले. तसे नाही. तेल खरे आहे. खोटे होते ते त्याच्या नावाने सांगितलेले. हा फरक त्यांना समजावून सांगायचा तर आधी मला तो समजायला हवा होता. म्हणून थोडे वाचले, डॉक्टरांना विचारले, गावच्या घाण्यावर जाऊन उभी राहिले.

अब्बांचे गाव औशाकडचे. त्यांच्या लहानपणी घरात तेल म्हणजे करडईचेच. रब्बीची ज्वारी पेरली की कडेने करडईचे तास टाकायचे. काटेरी पीक, त्यामुळे जनावर आत घुसत नसे. कोवळी असताना पानांची भाजी, पुढे बियांचे तेल, वाळल्यावर काड्या चुलीला. कापणी पहाटे, दव पडलेले असताना, कारण तेव्हा काटे जरा मऊ असतात. अब्बा सांगतात, हाताला कपडा गुंडाळून कापायचे, तरी फज्रच्या वुजूच्या वेळी बोटे चुरचुरायची.

मग ते बी घाण्यावर जायचे. लाकडाच्या मोठ्या खोडाची उखळ, तिच्यात फिरणारी लाट, आणि डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. उर्दूत घाण्याला कोल्हू म्हणतात. ‘कोल्हू का बैल’ आणि ‘घाण्याचा बैल’ हे दोन भाषांतले सख्खे भाऊ. वर्गात हा वाक्प्रचार आला की एखादे मूल हमखास विचारते, “मिस, घाणा म्हणजे घाण का?” त्यांनी घाणा पाहिलेलाच नाही, त्यांचा काय दोष? एकेकाळी हा धंदा गावोगावी होता. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे यहुदी, तेलच गाळत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोकांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असेच नाव दिले.

आमच्या भागात मागच्या काही वर्षांत सोयाबीन आले, रब्बीत हरभरा वाढला, काट्यांमुळे करडई कापायला मजूर मिळेना आणि तास कमी होत गेले. बिनकाट्याचे वाणही निघाले आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्यावर मोठे काम केले. पण शिवारातून गेलेले पीक लवकर परत येत नाही. आज आपला देश अर्ध्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, आणि त्यात सर्वात मोठा वाटा इंडोनेशिया व मलेशियाच्या पामतेलाचा आहे.

आता मूळ प्रश्न. घाण्याच्या तेलात असे काय असते?

मी गेले तो घाणा आता विजेवर चालतो, पण लाट लाकडाची आणि सावकाश फिरणारी. निघणाऱ्या तेलाला बोट लावले तर कोमट लागते. तेल भांड्यात निवत ठेवतात, गाळ खाली बसतो, वरचे नितळ तेल कापडातून गाळून भरतात. संपले. कारखान्यातली वाट लांब असते. तिथे बी तापवून लोखंडी यंत्रात दाबतात. पेंडीत उरलेले तेल हेक्झेन नावाच्या द्रावणाने काढून घेतात आणि ते द्रावण तापवून उडवून देतात. मग आंबटपणा घालवायला कॉस्टिक सोडा, रंग घालवायला एक प्रकारची माती, आणि वास घालवायला 200 अंशांच्या वर तापमानात वाफ. शेवटी हातात येते ते पाण्यासारखे पांढुरके, बिनवासाचे तेल. शेंगदाण्याचे कोणते आणि सूर्यफुलाचे कोणते, डोळे मिटून सांगता येणार नाही.

या सगळ्यात तेलातले ‘ई’ जीवनसत्त्व आणि बियांतले काही उपयोगी घटक कमी होतात. घाण्याच्या तेलात ते बरेचसे टिकतात. तिळाच्या तेलात तर असे घटक असतात की ते त्याला लवकर खवट होऊ देत नाहीत. जुन्या बायका लोणच्याला तिळाचे तेल घेत, ते उगीच नव्हे. हा घाण्याचा खरा फायदा, आणि तो लहान नाही.

पण चरबी ती चरबीच. घाण्याचे असो की पिशवीतले, एक ग्रॅम तेलात 9 कॅलरीच. करडईच्या नेहमीच्या वाणात साधारण तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्लाचा असतो. डालडा-तुपाच्या जागी असे तेल खाल्ले तर रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल काहीसे उतरते, हे डॉक्टरही मान्य करतात. चित्रफितीतल्या गृहस्थांनी बहुधा इथूनच धागा उचलला आणि त्याचा दोरखंड वळला. ‘काहीसे उतरते’ याचे ‘नसा साफ होतात’ झाले, आणि तुपाच्या ‘जागी’ याचे गोळीच्या ‘जागी’ झाले. शिवाय हा गुण बियाचा आहे. करडईचे तेल कारखान्यातून आले तरी लिनोलिक आम्ल तेवढेच.

हे मी अब्बांना याच शब्दांत सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मतलब तेल अच्छा, पन वो आदमी झूटा.” मी म्हटले, बस, एवढेच.

उत्साहाच्या भरात मी आठवीच्या मुलांना घरातल्या तेलाच्या रिकाम्या पिशव्या आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग, आणि माझी वही तेलकट. बहुतेक पिशव्यांवर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल फ्री’. मुलांना विचारले, कोलेस्टेरॉल कुठे सापडते? मांस, अंडी, दूध, म्हणजे प्राण्यांच्या पदार्थांत. वनस्पतीच्या तेलात ते नसतेच म्हटले तरी चालेल. मग जे मुळात नव्हते ते काढल्याची जाहिरात कशाला? एका मुलीने हात वर केला, “मिस, हे म्हणजे पाण्याच्या बाटलीवर ‘हड्डी फ्री’ लिहिल्यासारखं.” तिला मी त्या दिवशी फळ्याजवळ बोलावून शाबासकी दिली.

मग हिशेब घेतला. बाजारात एका दुकानावर पाटी आहे, ‘लाकडी घाण्याचे शुद्ध शेंगदाणा तेल, 170 रुपये लिटर’. घाण्यावर मला सांगितले होते की एक किलो तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. आमच्याकडे दाणे 120 रुपये किलो, म्हणजे 300 रुपये. दीड किलो पेंड उरली, ती 40 रुपये किलोने विकली, 60 रुपये परत आले. राहिले 240. एक लिटर तेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅम, म्हणजे लिटरमागे 218 रुपये नुसत्या मालाचे. मजुरी, वीज, बाटली आणि दुकानदाराचा नफा अजून बाकीच आहे. मग 170 ला कसे परवडते? मागच्या बाकावरून आवाज आला, “इन तिलों में तेल नहीं, मिस!” वाक्प्रचार इतका अचूक वापरलेला मी वर्षभरात ऐकला नव्हता.

तेव्हा भगिनींनो, घाण्याचे तेल स्वस्त मिळत असेल तर आधी आपल्या गावच्या दाण्याच्या भावाने हा हिशेब मांडा. करडईचे टरफल जाड असते, तिला किलोला जवळपास चार किलो बी लागते. ‘कोल्ड प्रेस’ची पाटी पाहून भुलू नका. काही दुकानांत छोटे लोखंडी यंत्र असते आणि त्याला तापवायचे बटणही असते. आत जाऊन पाहा. निघते तेल कोमट आहे की चटका देणारे, बोटाला कळते.

आणि तेलापेक्षा आधी पोते पाहा. हे मी मुद्दाम जोर देऊन लिहिते आहे, कारण घाण्याचे गुण गाणारे ही बाजू सांगत नाहीत. ओलसर जागी राहिलेल्या शेंगदाण्यावर बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक आहे. कारखान्यात तेल शुद्ध करताना ते निघून जाते. घाण्यात मात्र कापडातून गाळून ते जात नाही. काळे पडलेले, सुरकुतलेले, कडू दाणे जर घाण्यात गेले तर ते ‘नैसर्गिक’ तेल पिशवीतल्या तेलापेक्षा वाईट. सर्वात बरे म्हणजे दाणे स्वतः घ्यायचे, अम्मींसमोर ताटात पसरायचे, निवडायचे आणि मग घाण्यावर न्यायचे. वेळ जातो, खरे आहे. मला दर महिन्याला जमत नाही. जमले नाही तर मी त्या महिन्यात शेंगदाण्याचे घाण्याचे तेल आणत नाही.

मोहरीचे सुटे तेल मालिशसाठी किंवा लोणच्यासाठी कुठूनही घेऊ नका. पिवळ्या धोतऱ्याचे बी मोहरीसारखेच दिसते. 1998 साली दिल्लीत तसले भेसळीचे तेल खाऊन शेकडो लोकांच्या अंगावर सूज आली आणि 60 हून अधिक माणसे गेली.

आता जैतूनबद्दल दोन शब्द, कारण आपल्या मोहल्ल्यात हा प्रश्न घरोघरी आहे. कुरआनमध्ये जैतूनचा उल्लेख आहे, त्याची मुबारकी आपण मानतोच. म्हणून अनेक घरांत ऐपत नसताना महागडी बाटली येते. माझ्या नणंदेने मोठ्या श्रद्धेने आणलेल्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘पोमेस’ लिहिले होते. पोमेस म्हणजे जैतूनचे तेल दाबून काढल्यावर उरलेला चोथा. त्यातून द्रावणाने काढून शुद्ध केलेले ते तेल. ज्या कारखानी तेलाला कंटाळून ती जैतूनकडे वळली, तेच तिच्या हातात पडले. जैतूनचे न तापवता दाबून काढलेले तेल हवे तर बाटलीवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ पाहा, थोडे घ्या, सॅलडवर किंवा भाकरीवर वापरा. तव्यावर ओतून घालवू नका. आणि जैतून, कलौंजी काहीही घ्या, त्यासाठी डॉक्टरांची गोळी सोडू नका. आजारी पडल्यावर औषध करा, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीतच आहे. अब्बांना शेवटी हेच पटले. आमच्या इमाम साहेबांनीही जुम्याला ओट्यावरच्या मंडळींना ते समजावले.

राहिला पैशाचा आणि मापाचा प्रश्न. घाण्याचे तेल पिशवीच्या दुप्पट महाग. आम्ही घरात सहा मोठी माणसे, मुलेही आता ताडासारखी झाली आहेत. महिन्याला 7 लिटर तेल लागायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे मार्गदर्शन पाहिले. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला वरून घातलेले तेल-तूप दिवसाला 25 ग्रॅम आणि बाईला 20 ग्रॅम पुरे. आमच्या तीन बायका आणि तीन पुरुषांचे मिळून दिवसाचे 135 ग्रॅम, महिन्याचे 4 किलो 50 ग्रॅम, म्हणजे साडेचार लिटरच्या आत. आम्ही अडीच लिटर जास्त खात होतो, आणि अब्बा त्यात नसा साफ करणारे तेल शोधत होते!

ते जास्तीचे तेल जाते कुठे, हे तुम्हीही जाणता. सालनावर बोटभर तर्री तरंगली नाही तर पाहुण्याला काय वाटेल? बगाऱ्याला तेल कमी पडले तर नणंद काय म्हणेल? आपल्याकडे तेल हा पाहुणचाराचा मोजमाप झाला आहे. मला स्वतःला ही सवय सोडायला सर्वात जड गेले. पहिल्या आठवड्यात मुलांचे पप्पा सालन ढवळून म्हणाले, “आज दाल बनी क्या?” पण इथे घाण्याच्या तेलाने मदत केली. त्याला वास असतो, चव असते. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वर एक चमचा करडईचे कच्चे तेल, एवढ्यावर अब्बांचे जेवण होते. फोडणीला दोन चमचे पुरतात, कारण ते दोन चमचे जिभेला कळतात. बिनवासाचे तेल ओततच राहावे लागते.

आता आमच्याकडे महिन्याला 2 लिटर घाण्याचे करडईचे तेल येते, 340 रुपयांनी, आणि अडीच लिटर पिशवीतले, 150 रुपयांनी. एकूण 1055. पूर्वी 7 लिटर पिशवीच्या तेलाचे 1050 जायचे. पाच रुपये वाढले. अम्मींनी हा हिशेब दोनदा करून घेतला.

पिशवीतले तेल का ठेवले, असे काहीजणी विचारतील. तळायला. घाण्याचे तेल लवकर धुरावते, आणि करडईचे तर पुन्हा पुन्हा तापवले की लवकर बिघडते. गंमत पाहा, कढईत एकदा सोडलेल्या भज्यांच्या खेपेलाही मराठीत घाणाच म्हणतात. इफ्तारच्या समोशांचे पहिले दोन घाणे पिशवीच्या तेलात काढायचे, उरलेले तेल गाळून दुसऱ्या दिवशी फोडणीला संपवायचे, पुन्हा तळणीला नाही. महिनाभर तीच काळी कढई पुढे ढकलायची आमची जुनी पद्धत आता बंद. जवसाचे तेल तर कधीच तापवू नये. त्यात ओमेगा-3 भरपूर असते पण ते फार नाजूक. त्यापेक्षा जवसाची चटणी कुटा, कारळाची कुटा, ताजी खा.

साठवणीचे एवढेच की काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, अंधारात, आणि महिन्या-दीड महिन्याला पुरेल इतकेच. तळाला थोडा गाळ दिसला तर घाबरू नका. वास खवट आला तर मात्र कितीही महाग असले तरी दिव्याला वापरा, पोटात घालू नका.

अब्बांच्या गोळ्यांसाठी मुलीने आठवड्याच्या वारांचे खण असलेली डबी आणली आहे. रात्री इशानंतर ते स्वतःच खण उघडून मला दाखवतात, जरा रुसव्यानेच. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांना विचारले, “चाचा, तो घाणा नक्की कुठं आहे? मलाही हवंय.” अब्बांनी पुढच्या खेपेला दोन लिटर नेऊन दिले आणि पैसे अगदी रुपया-रुपया मोजून घेतले.